कोठारातून तबकडीवर

आम्ही गंगापूर रोडच्या त्या इमारतीत राहायला गेलो, त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकांनी आमचा दरवाजा नापास केला. खाली टेम्पोतून सामान उतरत होतं, हमाल कपाटासकट जिन्याच्या वळणावर अडकले होते, आणि एक उंच, काटकुळे गृहस्थ आमच्या उंबऱ्याशी उकिडवे बसून दाराखालच्या फटीत पोस्टकार्ड सारून बघत होते. लेंगा, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. मला वाटलं, बिल्डरचा माणूस असेल.

"डावीकडे कार्ड आत जातं, उजवीकडे अडतं," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "रिजेक्ट. बिल्डरला बोलवा."

"आपण कोण?"

"वरचा," असं म्हणून ते उठले, अडकलेल्या कपाटाकडे एक नजर टाकून वर निघून गेले.

काकांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात झाली होती. समोर येणारा प्रत्येक सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि एक तर 'पास'च्या पेटीत टाकायचा, नाही तर 'रिजेक्ट'च्या. निवृत्तीनंतर पेट्या गेल्या, पण हात थांबला नाही. भाजीवाल्याची गवार रिजेक्ट होई. वर्तमानपत्राची घडी रिजेक्ट होई. आमच्याकडे चहा प्यायले की कप खाली ठेवताना ते निकाल सांगत आणि माझी बायको सुनंदा तो दिवसभर मला ऐकवत असे. एकदा त्यांनी आमचा उपमा 'पास, पण काठावर' असा ठरवला, तेव्हा तिनं संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. उपमा मी केला होता.

"मला बघायला आले होते तेव्हा यांनी पोहे रिजेक्ट केले होते," काकू सांगत. "मला पास केलं. मीही तेव्हाच नीट तपासून घ्यायला हवं होतं."

काका हे शांतपणे ऐकत आणि म्हणत, "पोह्यांत मीठ नव्हतं. ते आजही नसतं."

इमारतीत बारा बिऱ्हाडं. लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत, त्यांच्या वयाचे चेअरमन आबासुद्धा. मला मात्र ते 'हिशेबनीस' म्हणत, कारण मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करत असे आणि इमारतीच्या गणपतीची वर्गणीही माझ्याकडे असे. आकडा जुळला नाही की मला जेवण जात नाही, हे त्यांना कळलं तेव्हापासून त्यांनी मला जवळच्या माणसांत धरलं.

मग त्यांच्या भाच्यानं दुबईहून ते यंत्र आणलं. आता त्याचं कुणाला कौतुक वाटणार नाही, पण तेव्हा घराघरांत व्हिडिओ कॅसेटी बुरशी धरून पडलेल्या होत्या आणि डीव्हीडी ही नवलाई होती. हे यंत्र म्हणजे हार्ड डिस्कचा रेकॉर्डर. टीव्हीवरचा कार्यक्रम किंवा कॅमेऱ्यानं घेतलेलं चित्रण आधी आतल्या हार्ड डिस्कवर साठवायचं, नको ते कापायचं, आणि उरलेलं डीव्हीडीवर उतरवून घ्यायचं. काकांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना मराठी नावं दिली. हार्ड डिस्क म्हणजे कोठार. डीव्हीडी म्हणजे तबकडी. आणि डीव्हीडी पूर्ण झाल्यावर ती कायमची बंद करायची, म्हणजे इतर यंत्रांवर चालते आणि तिच्यात पुन्हा काही घालता-काढता येत नाही, त्या शेवटच्या क्रियेला ते 'मोहोर' म्हणत.

यंत्रात झटपट कॉपी करायची सोय होती. तासाचा कार्यक्रम काही मिनिटांत तबकडीवर उतरे. काकांनी ती सोय कधी वापरली नाही. तासाचा कार्यक्रम तासभरच उतरायचा आणि तो उतरत असताना काका समोर बसून तो पूर्ण बघायचे.

"काका, कॉपी ते यंत्र करतंय. तुम्ही का बसता?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही नोटा मोजायचं यंत्र लावून बाहेर चहाला जाता का?"

मी जात नसे.

ती भारनियमनाची वर्षं होती. वीज जायच्या वेळा काकांनी फ्रिजवर चिकटवल्या होत्या, कारण तबकडी अर्धी उतरलेली असताना वीज गेली तर ती बाद होई. कॉपी सुरू करण्याआधी ते तिन्ही मजल्यांवर फिरून दारं वाजवत. "अर्धा तास मिक्सर नको. गिझर नको. पंप तर नकोच." मिक्सरचा आणि त्यांच्या यंत्राचा काय संबंध, हे कुणाला पटत नसे, पण दार वाजलं की बायका चटणी वाटायची थांबत. एकदा सुनंदानं हळूच दाण्याचं कूट केलं आणि नेमकी तीच तबकडी बाद निघाली. त्यानंतर वर्षभर काका आमच्याकडच्या दाण्याच्या कुटाकडे संशयानं बघत.

बाद तबकड्या ते फेकत नसत. दोऱ्याला बांधून गॅलरीत टांगत, म्हणजे कबुतरं येत नाहीत. दुपारी ऊन फिरलं की त्या तबकड्यांचे कवडसे आमच्या स्वयंपाकघरात नाचत आणि सुनंदा पोळ्या लाटता लाटता डोळे मिचकावत असे. उरलेल्या तबकड्या काकूंचे भाऊ घेऊन जात. त्यांची वणीकडे द्राक्षबाग होती, तिथे त्या पाखरं हाकलायच्या कामी येत. "बागेत एवढी चकाकी आहे," ते सांगत, "की लोक विचारतात, घरात लग्न आहे का?"

तयार तबकडी काका स्वतः घरी आणून देत, आणि ती त्यांच्यादेखत लावून बघावी लागे. काकूंच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यानं पुसलेली, वर काळ्या शाईनं 'पास' लिहिलेलं. देताना एकच सूचना. "कडेनं धरायची. भाकरीसारखी नाही."

इमारतीच्या गणपतीतला मुलांचा कार्यक्रम हे त्यांचं मोठं काम. खालच्या पार्किंगमध्ये मांडव असे. काका कॅमेरा एका बाजूला, तिरका लावत, म्हणजे स्टेजही दिसे आणि प्रेक्षकांची पहिली रांगही.

"प्रेक्षक कशाला घेता?" आबा विचारत.

"तेही तपासायला लागतात," काका म्हणत.

मग महिनाभर कोठारातून तबकड्यांवर काम चाले आणि ज्या ज्या घरात मूल आहे त्या घरी एकेक तबकडी जाई. ती बघून घरोघर एकच समाधान असे. आपलं पोर सगळ्यांत चमकलं. ओंकारची आई, म्हणजे समोरच्या जोशी वहिनी, मला एकदा म्हणाल्या होत्या, "बाकीची मुलं ठीक होती हो, पण कॅमेऱ्यालाही कळतं कुणाला बघायचं ते." मला हे जरा विचित्र वाटलं होतं, कारण आमच्या तबकडीत कॅमेऱ्याला आमची सायली कळली होती.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतो आहे, त्या वर्षी सायली नऊ वर्षांची होती आणि मुलांनी भाजीबाजाराचं नाटुकलं बसवलं होतं. ओंकार दुधी भोपळा होता. सायली कोथिंबीर होती. हिरवी साडी कापून सुनंदानं तिचा झगा शिवला होता, डोक्यावर खऱ्या कोथिंबिरीची जुडी बांधली होती. सायली पुढे आली, दिव्यांच्या झोतात उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी आहे कोथिंबीर!"

पुढचं वाक्य आलंच नाही.

ती उभी राहिली. मी मागे वर्गणीच्या टेबलाशी होतो, सुनंदा पडद्यामागे भेंडीचा मुकुट बांधत होती. आणि त्याच वेळी पहिल्या रांगेत आबांच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे दोन पाय फाकायला लागले. आबा मूळचे नामपूरचे, कांद्याचे व्यापारी, अंगानं भरभक्कम. नुकताच त्यांचा सत्कार झालेला, अंगावर शाल, मांडीवर नारळ. खुर्ची एकदम मोडली नाही. ती सावकाश बसत गेली, आणि आबाही तिच्याबरोबर, चेहऱ्यावरचं अध्यक्षीय हसू तसंच ठेवून, इंचाइंचानं मागे गेले आणि शेवटी दोन्ही पाय आकाशाकडे करून थांबले. नारळ घरंगळत स्टेजखाली गेला. मांडव हसून फुटला.

सायलीच्या डोळ्यांवर दिव्यांचा झोत होता. तिला पहिली रांग दिसत नव्हती. तिनं फक्त ऐकलं, आपण वाक्य विसरलो आणि सगळे हसले. ती रडत आत पळाली. कोथिंबिरीची जुडी स्टेजवर राहिली.

आम्ही त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, महिनाभर सांगितलं. लोक तुला नाही, आबांना हसले. ती मान हलवायची आणि म्हणायची, "तुम्ही आईबाबा आहात. तुम्ही असंच म्हणणार." मग तबकडी आली. आमच्या तबकडीत कोथिंबीर म्हणते, 'मी आहे कोथिंबीर,' आणि लगेच दुधी भोपळा उभा असतो. विसरणं नाही, हसणं नाही आणि आबांचं पडणंही नाही.

"बघा," सायली म्हणाली. "आबा पडलेच नाहीत. पडले असते तर काकांनी घेतलं असतं. काका काही सोडत नाहीत."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. पुरावा तिच्या बाजूनं होता.

मी वर गेलो. काकांनी दोन्ही भाग का कापले ते सांगितलं. सायलीचं रडणं पोरीच्या घरी कशाला पाठवायचं, म्हणून ते कापलं. आणि आबांचं आबांनी सांगितलं म्हणून. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते वर येऊन गेले होते. "काका, तेवढं काढून टाका. नामपूरला डिस्क गेली, तर लिलावात उभा राहायची सोय नाही मला." काकांनी शब्द दिला होता.

"कोठारात अजून असेल ना?"

"कोठारात सगळं असतं."

"मग फक्त सायलीला दाखवा."

"शब्द दिलाय, हिशेबनीस."

"तुम्ही तरी पुन्हा बघितलंत का, त्यात नक्की काय आहे?"

काका छताकडे बघायला लागले. काकू आतून म्हणाल्या, "कसले बघताहेत! पोरीचं ते आलं की आवाज बंद करून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, संपलं की हाक मार. आयुष्यात एवढं एक न बघता कापलंय यांनी."

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी उठून यंत्रावरची नसलेली धूळ पुसली.

वर्ष गेलं. सायलीनं शाळेतही स्टेजवर जायचं सोडलं. वर्गात उभं राहून कविता म्हणायची वेळ आली की तिच्या पोटात दुखायला लागे. पुढचे गणपती महिन्यावर आले आणि ओंकार मुलांची नावं लिहायला आला, तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन बसली. मला एक गोष्ट माहीत होती. दर वर्षी गणपतीच्या आधी काका कोठार झाडून रिकामं करत. नव्या कार्यक्रमाला जागा हवी. म्हणजे महिन्याभरात तो पुरावा पुसला जाणार होता, आणि सायलीच्या मनातलं हसू तेवढं कायम राहणार होतं. मी दुसऱ्यांदा वर गेलो. काकांचं उत्तर तेच होतं, फक्त या वेळी ते देताना त्यांनी काकूंनी दिलेल्या चहाचा निकाल सांगितला नाही.

आणि मग जोशी वहिनींची तबकडी त्यांच्या पुतण्यानं भाकरीसारखी धरली.

ती चालेना, म्हणून त्या आमची घेऊन गेल्या. अर्ध्या तासानं आमची बेल वाजली, ती वाजतच राहिली. दारात वहिनी, हातात तबकडी.

"आमचा ओंकार कुठे गेला?"

"खाली खेळतोय," मी म्हणालो.

"यातला! आमच्या डिस्कमध्ये त्यानं दहा मिनिटं तबला वाजवलाय. यात दोनदा धा वाजवतो आणि संपला! आणि तुमची सायली समईगीतात उभी आहे, नुसती उभी, तर ती केवढी तरी!"

तासाभरात इमारतीतल्या सगळ्या तबकड्या एकमेकींच्या घरी फिरून आल्या. एकाच कार्यक्रमाच्या काकांनी प्रत्येक घरासाठी वेगळ्या प्रती केल्या होत्या. ज्याच्या घरी जायची, त्याचं मूल पूर्ण, बाकीची चवीपुरती. माझ्या नोकरीत या प्रकाराला जे म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.

रविवारी दुपारी सगळी इमारत काकांच्या हॉलमध्ये जमली. जागा पुरेना, मुलं खिडकीत बसली. काका यंत्रापाशी स्टुलावर, पाठ ताठ.

"प्रत्येक घराला आपलं पोर बघायचं असतं," काका म्हणाले. "ते मी दिलं. तक्रार काय आहे?"

"ह्यांच्या डिस्कवर ओंकार दोनच धा?" जोशी वहिनी उसळल्या.

"ह्यांच्या डिस्कवर तो पाहुणा आहे."

"म्हणजे सगळ्यांना वाटलं आपलंच पोर पहिलं!"

"मग? वाईट वाटलं का कुणाला?"

काकू पंख्याखाली बसून कढीपत्ता निवडत होत्या. "तीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास केला यांनी," त्या म्हणाल्या. "पोरं तेवढी राहिली होती पास करायची, ती करून टाकली."

शेवटी वहिनींनीच मागणी केली. आम्हाला कापलेली नको. पूर्ण हवी, सगळ्यांना सारखी. माना हलल्या. काका म्हणाले, "मिळेल. आत्ता, तुमच्यासमोर उतरवतो. चारला वीज जाते, त्याआधी होते. पण कॉपी करायची म्हणजे बघायची. कुणी उठायचं नाही. आणि एकदा सुरू झाली की थांबवायची नाही, थांबवली तर तबकडी बाद."

"पूर्ण म्हणजे," सोफ्यावरून आबांनी विचारलं, "सगळी?"

"सगळी."

"ते… तेही? तुम्ही तर काढलं होतं!"

"तबकडीवरून काढलं. कोठारातून काढायचं तुम्ही म्हणाला नव्हतात. आता सगळी इमारत पूर्ण मागतेय; नको असेल तर तुम्हीच सांगा."

आबा उठले. "मग लावायचं नाही! चेअरमन म्हणून सांगतो. मी चाललो."

तेव्हा सुनंदा बोलली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आबा, जाण्याआधी एक ऐका. आमची सायली यंदा नाव देत नाहीये. तिला वाटतं, त्या दिवशी सगळे तिला हसले. वर्ष झालं, ती कुणासमोर तोंड उघडत नाही. आम्ही सांगून दमलो."

आबा दारापर्यंत पोचले होते. दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर सायली बसली होती, कारण तिनं आत यायला नकार दिला होता. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग वळून आमच्याकडे बघितलं. घाईत किंवा रागात असले की त्यांच्या बोलण्यात बागलाणची अहिराणी यायची.

"काय शे हे?" ते म्हणाले. "पडलो मी! अख्ख्या मांडवादेखत आपटलो मी! आठ दिवस कंबर शेकली. आणि ते हसू पोरीच्या नावावर?"

"तिला तसं वाटतं," सुनंदा म्हणाली.

"असं कसं वाटतं? ते माझं शे! काका, लावा ते! ए पोरी, इकडे ये. इथे, माझ्याजवळ बस. खुर्ची नको, खाली बसू."

आबा सतरंजीवर बसले. सायली आत आली, पण बसली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. काकांनी बटण दाबलं.

समईगीत झालं. तबला झाला, पूर्ण दहा मिनिटं, आणि सहाव्या मिनिटाला जोशी वहिनी स्वतःच म्हणाल्या, "जरा लांबलंय का हो?" मग भाजीबाजार आला. गवार आणि मग कोथिंबीर.

"मी आहे कोथिंबीर!"

काकांचा पाय आपोआप गॅलरीकडे वळला. काकूंनी त्यांचा सदरा धरून ठेवला. "बसा. आज बघा."

पडद्यावर सायली गप्प उभी होती. कॅमेरा तिरका होता, म्हणून पहिली रांगही दिसत होती. आणि पहिल्या रांगेत कुणीही हसत नव्हतं. सगळ्या बाया पुढे वाकल्या होत्या. जोशी वहिनींचे ओठ हलत होते.

"मी म्हणतेय बघ!" वहिनी ओरडल्या. "तुझंच वाक्य म्हणतेय! 'मला फुकट मागू नका'! मला सगळ्यांची पाठ होती!"

आणि मग त्या बायांच्या ओळीत एक शाल हळूहळू खाली जायला लागली. आधी खांदे दिसेनासे झाले, मग टोपी, आणि ज्या जागी आबांचं डोकं होतं तिथे त्यांचे बूट आले. नारळ निघाला. त्यानंतर हसू फुटलं. त्यानंतर. आणि त्या हसणाऱ्या लोकांतलं एकही तोंड स्टेजकडे नव्हतं.

हॉलमध्ये दुसऱ्यांदा हसू फुटलं. आबा सतरंजीवर मांडी ठोकत होते. "दखा, दखा! काय पडलो! असं कुणी पडतं का?"

"आधी सगळे गप्प होते," सायली म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मला तो फक्त सवयीनं ऐकू आला. "काका, परत लावा."

काका वळले. यंत्रावरचा लाल दिवा जळत होता, कॉपी चालू होती. ती थांबवायची नाही, हे त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं. वहिनी पटकन म्हणाल्या, "अगं, संपू दे, नाहीतर डिस्क—"

काकांनी कॉपी थांबवली. तबकडी बाहेर आली, ती त्यांनी न पुसता खिडकीत बसलेल्या पोरांच्या हातात दिली, आणि चित्रण मागे नेलं.

"कुठून?" त्यांनी विचारलं.

"मी गप्प होते तिथून."

त्यांनी लावलं. मग पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा सायली आबांच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसली होती. चौथ्यांदा आबांनी स्वतःच्या पडण्याचं लिलावाच्या सुरात वर्णन केलं, "चाललं, चाललं, चाललं… गेलं!" आणि सायली हसता हसता आडवी झाली. काका मात्र आबांकडे बघत नव्हते. ते प्रत्येक वेळी त्या पुढे वाकलेल्या बायांकडे बघत होते, जे त्यांनी वर्षभरापूर्वी गॅलरीत उभं राहून बघायचं टाळलं होतं. असेच काही फेरे झाले आणि वीज गेली. पूर्ण तबकडी त्या दिवशी झालीच नाही. जोशी वहिनी ते विसरूनच गेल्या. मी विसरलो नव्हतो, पण मीही बोललो नाही.

ओंकारच्या यादीत सायलीचं नाव त्याच संध्याकाळी लागलं.

त्या वर्षी मुलांनी दवाखान्याचं नाटुकलं केलं. सायली डॉक्टर होती, गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप. ती ऐटीत आली, खुर्चीवर बसली, पेशंटला आत बोलावलं, आणि पुन्हा तिचं वाक्य गेलं. मी वर्गणीच्या टेबलाशी उभा होतो आणि माझ्या हातातल्या नोटा मी तीनदा पहिल्यापासून मोजल्या. सुनंदानं माझं मनगट धरलं होतं.

आणि कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज आला. त्यांना तिला आठवण करून द्यायची होती. पण घाईत त्यांना पेशंटचं वाक्य आठवलं, आणि ते कुजबुजले ते कारखान्यातल्या यंत्रांवरून ऐकू जावं तसे.

"डॉक्टर, पोटात फार दुखतंय हो!"

सगळा मांडव मागे वळला. सायलीनं डोळ्यांवर हात धरून झोताच्या पलीकडे बघितलं.

"काका," ती स्टेजवरून म्हणाली, "तुम्ही नंबर लावून बसा. आधी हा पेशंट आहे."

लोक इतके हसले की पुढचं मिनिटभर नाटक थांबलं. सायलीही हसत होती, कमरेवर हात ठेवून, खऱ्या डॉक्टरसारखी वाट बघत. हसणं संपलं तोवर तिला तिचं वाक्य आठवलं होतं.

त्या वर्षीची तबकडी घेऊन काका आमच्याकडे आले. सगळ्या घरांना एकच प्रत, काहीही न कापलेली. आम्ही ती त्यांच्यासमोर लावली. पोटदुखीची हाक आली तेव्हा त्यांनी बारकाईनं आमच्या घड्याळाकडे बघितलं.

"काका, एवढा आवाज तरी तुमचा कापायचा," मी म्हणालो. "तुमची चूक सगळ्यांच्या घरी गेली."

"कापायला बसलो होतो," ते म्हणाले. "पण मी काढला, तर पोरीनं नंबर कुणाला लावायला सांगितला, ते कुणाला कळणार नाही. म्हणून राहू दिलं."